वरची चार बटणं

"वरची गप्प आहेत, खालची बोंबलतायत," बायको बंद दाराआडून म्हणाली. मी एक पाय पँटीत आणि एक बाहेर अशा अवस्थेत बाहेरच्या खोलीत उभा होतो, कारण तिचं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या घरात कपडे बदलायच्या दोन जागा झाल्या होत्या. तिची आत, कडी लावून. माझी बाहेर, खुर्चीच्या पाठीला धरून. कोण गप्प आणि कोण बोंबलतंय हे मला क्षणभर उमगेना. मग लक्षात आलं, बटणांचं चाललं होतं. माझी नेलपॉलिशची बाटली संपली होती, नवी आणायची राहून गेली, आणि तिने स्वतःसाठी शिवलेल्या नव्या सदऱ्याची टिचबटणं मी रंगवलीच नव्हती. तिने तो सदरा परवापासून तसाच घातला होता. सदरा तिने मोठ्या हुशारीने बेतला होता, मधोमध उघडणारा नाही तर डाव्या अंगाला उघडणारा, म्हणजे पुढच्या तपासण्यांना झोपताना एकच बाजू उघडी टाकावी लागावी. बटणांची ओळ छातीच्या डाव्या बाजूवरून पोटापर्यंत उतरत होती. पोटावर प्रत्येक बटणाखाली एकेक लाल गोल उठला होता आणि खाजत होता, जसा आयुष्यभर उठत आणि खाजत आला होता. वरची चार बटणं मात्र जिथे रेडिएशनचा शेक बसला होता तिथे टेकत होती, आणि तिथे काही म्हणजे काही नव्हतं. त्याच पाकिटातली, तीच बटणं.

माझ्या तोंडून निघालं, "बघू." एवढाच शब्द. पण तो ज्या आवाजात निघाला तो माझा घरातला आवाज नव्हता. तो प्रयोगशाळेतला होता, समोर एखादी चांगली नमुन्याची काच आली की मान न वळवताच हात पुढे करून म्हणतो तो. मग ती म्हणाली, "कुणाला बघायचंय? तुम्हाला, की तुमच्या मायक्रोस्कोपला?" रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं. ती गिऱ्हाइकाला बाही किती लांब ठेवू विचारते तसं विचारत होती, ज्याला जे हवं ते शिवून देण्याच्या तयारीने. मी दुसरा पाय पँटीत घातला, उशीर झालाय असं पुटपुटलो आणि डबा न घेताच बाहेर पडलो.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तेव्हा मला तिचे कान आठवले. लग्नाला थोडेच दिवस झाले होते, आणि पहिल्या पगारातून मी तिला कानातली आणली होती, चमकणारी, स्वस्तातली, पण दुकानदाराने डबी मखमलीची दिली होती. तिने ती लगेच घातली आणि काढलीच नाही. मला वाटलं, फार आवडली. पाळ्या लाल झाल्या, सुजल्या, पाणी धरलं, तरी बाई केस कानांवर ओढून हसतमुखाने वावरत होती. शेवटी माझ्या आईने तिचे केस बाजूला केले, कान पाहिले आणि वळून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी स्वयंपाकघरातून पळच काढला. रात्री मी तिला म्हटलं, वेडी आहेस का, सांगायचं नाही का? तर म्हणाली, तुम्ही इतक्या हौसेने आणलंत. तेव्हा मी रक्त तपासण्याच्या विभागात काचा धूत होतो. निकेल नावाचा धातू काही माणसांच्या कातडीला सोसत नाही हे मला तिच्या कानांनी शिकवलं, मग मी पुस्तकं उघडली, मग कातडीच्या विभागात बदली मागून घेतली आणि तिथेच केस पांढरे केले. माझी मेहुणी अजून सगळ्यांना सांगते की आमच्या ताईच्या खाजेवर भावोजींची नोकरी उभी आहे. त्यात खोटं काही नाही.

नेलपॉलिशची युक्तीही त्याच काळातली. बिनरंगाचं नेलपॉलिश धातूवर दोनदा फिरवलं की कातडी आणि निकेल यांच्यात पडदा उभा राहतो. ती शिवणकाम करते, म्हणजे तिचा सगळा संसारच धातूचा. कात्रीच्या मुठी, टेपचं टोक, हुक, बकलं, चेन, टाचण्यांची डबी. दर सुट्टीच्या सकाळी मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसतो आणि एकेक वस्तू रंगवून वाळत ठेवतो. आमची लेक लहान असताना समोर येऊन बसायची आणि दहाही बोटं पुढे करायची, बाबा, बटणं झाली की मला. मग तिच्या नखांनाही लावायचो. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते आणि फोनवर आईच्या तब्येतीची चौकशी करून झाली की विचारते, बाबांचं ब्युटी पार्लर चालू आहे ना. इतक्या वर्षांत माझ्या हातून एखादा हुक सुटला तर तो लपून राहिलेला नाही. दोन दिवसांत तिच्या पाठीवर तो हुक लाल अक्षरांत उमटायचा आणि ती पाठमोरी उभी राहून म्हणायची, हे बघा तुमचं काम. आणि मी तिथे मलम लावायचो. आमच्या संसारातलं बरंचसं प्रेम या मलमाच्या निमित्ताने झालं असं म्हटलं तर चुकणार नाही.

प्रयोगशाळेत पोचलो आणि नेहमीच्या स्टुलावर बसलो. खोली अंधारी ठेवावी लागते, कारण आम्ही पेशींना जो रंग लावतो तो अंधारात चमकतो. ऑपरेशनमध्ये उरलेली कातडी इस्पितळातून बरण्यांत येते, नाव नाही, नुसता क्रमांक. तिचा वरचा पातळ पदर सोडवायचा, रंग द्यायचा, काचेवर पसरायचा आणि मोजायचं. मी ज्या पेशी मोजतो त्यांना कुणा परदेशी डॉक्टरचं लांबलचक नाव आहे, ते बायकोला कधी उच्चारता आलं नाही, म्हणून तिने त्यांना हातवाल्या असं नाव ठेवलं आणि घरात तेच चालतं. नाव बरोबर आहे. बाकीच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधे मधे या बसलेल्या असतात, चहूकडे लांब हात पसरून. संध्याकाळी पायऱ्यांवर बसणाऱ्या शेजारणींसारख्या. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय होतं, सगळं यांना ठाऊक हवं. परकं काही दिसलं की ते उचलून थेट काखेतल्या, मानेतल्या लसीकागाठींकडे, म्हणजे शरीराच्या चौक्यांकडे, निघतात, तिथे वर्दी देतात, आणि मग तिथून लढणाऱ्या पेशींची फौज बाहेर पडते. माझ्या बायकोच्या हातवाल्यांचा निकेलवर पहिल्यापासून दात. एक निरुपद्रवी टिचबटण, त्यावर केवढा कांगावा.

आणि रेडिएशनने त्यांचं काय होतं, हे या गावात माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नसेल. इतर पेशी मरतात किंवा वाढायच्या थांबतात. या चिवट असतात, सहजासहजी मरत नाहीत. त्या निघून जातात. हात आवरून घेतात, जागा सोडतात आणि गाठींकडे चालू लागतात. तिथे गेल्यावरही पुष्कळदा नेहमीसारखा ओरडा करत नाहीत, उलट फौजेला शांत बसवणाऱ्या पेशींनाच जागं करतात. झालं ते झालं, आता गप्प राहा, असं काहीतरी सांगत असाव्यात. मागे कातडीवर त्यांची जागा रिकामी पडते. मायक्रोस्कोपखाली ते फार स्पष्ट दिसतं. निरोगी काचेवर हिरव्या हातांची जाळी असते, नुसतं पाहत राहावं अशी, आणि शेक बसलेल्या काचेवर काळोख, त्यात कुठे एखादी आखडून बसलेली. वर्षानुवर्षं मी तो काळोख मोजला आणि आकडा लिहून पुढची काच घेतली. त्या काळोखाला कुणाचं अंग असेल, ते अंग सकाळी कडी लावून कपडे बदलत असेल, असं मनात आलं नव्हतं. ज्या आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मात्र मी डोळे दुखतात असं सांगून एकही बरणी उघडली नाही. त्या इस्पितळातून येणारी कोणतीही बरणी तिची असू शकत होती. तिला हे मी बोललेलो नाही.

दुपारी आमच्या विभागप्रमुख बाई चहाला आल्या. मला बोलायचं नव्हतं, पण पोटात राहत नव्हतं. मी बटणांची गोष्ट सांगितली आणि बघता बघता बाईंचा चेहरा उजळला. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. एकाच माणसाच्या अंगावर, एकाच सदऱ्याखाली, शेकाची सीमा खाजेने आखलेली. असं कुणी ठरवूनही जमवू शकणार नाही, म्हणाल्या. फोटो काढता येतील का, एखादा लहानसा तुकडा मिळेल का, हेही विचारून झालं. मग त्यांना एकदम भान आलं, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि माफ करा म्हणाल्या, कशी आहेत त्या, जेवतात का नीट? बाई मनाने फार चांगल्या आहेत. पण तो उजळलेला चेहरा मी पाहिला होता, आणि सकाळी दाराबाहेर माझा चेहरा कसा दिसत असेल हे मला आरशाशिवाय कळलं. दार लाकडाचं होतं म्हणून काय झालं, इतक्या वर्षांनी तिला माझा चेहरा दाराआडूनही दिसतो.

कडी कधीपासून लागायला लागली, याचा मी तिथे बसून विचार केला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मीच समोर होतो. नर्सने कापूस बाजूला केला. टाके स्वच्छ होते, कडा एकमेकींना नीट भिडल्या होत्या, कुठे लाली नव्हती, आणि मी इतका घाबरलेला होतो, आणि मग इतका निर्धास्त झालो, की म्हणालो, "नमुना छान आहे." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नसते. सुरेख कापलेल्या, सुरेख भरलेल्या कातडीला आम्ही हेच म्हणतो. नर्स हसली, ती हसली, मीही हसलो. घरी परत आल्यावर दुसऱ्या सकाळी आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं बायकी संकोच असेल, जाईल आपोआप. मग रोजच्या शेकाच्या वाऱ्या सुरू झाल्या, त्या संपल्या, कातडी लाल झाली, सोलली, भरली असं तिने तोंडी सांगितलं, मलम तिचं तिने लावलं. आख्ख्या शहराची कातडी मी पाहतो आणि एक तेवढी मला बंद. आणि आज सकाळी ती काहीतरी सांगायला दारापर्यंत आली होती, तर मी पुन्हा तेच केलं. मला भीती वाटली ती याची, की पुढच्या वेळी ती सांगायलाही येणार नाही. आजारातून ती उठेल, शिवणयंत्रावर बसेल, गिऱ्हाइकांशी हसेल, आणि मला मात्र ती कायमची अशीच मिळेल, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

एक विचार मात्र सारखा टोचत राहिला. हातवाल्या निघाल्या की काखेतल्या गाठींकडे जातात. तिच्या त्या काखेतल्या गाठी तर सर्जनने काढल्या होत्या. सगळ्या नाही, काही आहेत, रस्ते दुसरेही असतात, हे मला कळतं. तरी मला त्या दिसत राहिल्या, चालत चालत ओळखीच्या जागी पोचलेल्या आणि तिथे घरच नाही म्हणून थबकलेल्या. मी दिवा बंद केला आणि लवकर निघालो. वाटेत नेलपॉलिशची बाटली घेतली. काउंटरवरच्या नव्या पोरीने, काकूंना कोणती शेड आवडते, असं विचारलं. मी म्हटलं, कोणतीच नाही.

घरी ती यंत्रावर बसून कुणाच्या तरी पँटी आखूड करत होती. तोच सदरा अंगात होता, आतून जुना पंचा लावलेला. मी चहा केला, तिचा कप तिच्या डाव्या हाताला ठेवला, जमिनीवर बसलो आणि वर्तमानपत्र पसरलं. जेवलात का विचारलं तिने. डबा तर इथेच राहिला होता. मी बिस्किटं खाल्ली म्हणालो. यंत्र पुन्हा सुरू झालं, थांबलं.

"सकाळी विचारलंस ना, कुणाला बघायचंय," मी म्हणालो. "दिवसभर तेच शोधत होतो."

"मग सापडलं?"

"मायक्रोस्कोपलाही बघायचं होतं. खोटं कशाला बोलू. पण तो तिकडे राहिलाय."

तिने दातांनी दोरा तोडला. हसली की नाही ते खाली बसून मला दिसलं नाही. मग तिने पँट घडी करून बाजूला ठेवली, आतला पंचा ओढून काढला आणि वरपासून बटणं सोडवायला लागली. टिचबटणं उघडताना जो बारीक आवाज करतात तो एकेक करून खाली येत होता. शेवटी तिने यंत्रावरचा दिवा मान धरून स्वतःकडे वळवला, बारीक काम असलं की वळवते तसा.

पोटावरचे गोल चांगलेच तरारलेले होते. वर कातडी तपकिरी होती, मऊ, थोडी चकाकणारी, आणि तो तपकिरी भाग एका ठिकाणी संपत होता, एकदम, पट्टी धरून ओढल्यासारखा. तिने त्या कडेवरून नख फिरवलं. "ही रेघ बघा," म्हणाली, "काय सरळ आलीय. इतकी वर्षं कापड कापतेय, पण माझी अशी येत नाही." मग तिने रेडिएशनवाल्यांनी निशाणीसाठी गोंदलेले दोन काळे ठिपके दाखवले आणि धुतला तरी न जाणारा असा खडू आपल्याला मिळाला तर किती कामं वाचतील ते सांगितलं. ती बोलत होती, भराभरा, एखादं शिवून झालेलं कापड दाखवावं तशी, आणि मी पाहत होतो. मला टाक्याची रेघ दिसत होती, आत ओढली गेलेली जागा दिसत होती, आणि माझ्या डोळ्यांना जे काही येतं ते, मोजणं, तुलना करणं, नाव देणं, त्यातलं काहीच होत नव्हतं. फार दिवसांनी घरचं माणूस स्टेशनवर दिसावं आणि हाक मारायलाही सुचू नये तसं झालं होतं.

"काहीतरी बोला की," ती म्हणाली, आणि आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "खाज नाही म्हणजे बरं वाटायला हवं ना माणसाला? मी सकाळी घाबरले. वाटलं, एवढा भाग आता माझा राहिलाच नाही. आणि तुम्ही येऊन बघितलंत आणि तुम्हालाही तिथे मी दिसले नाही तर?"

मी गुडघ्यांवर उठलो आणि त्या तपकिरी भागावर हात ठेवला. ती म्हणाली, तिथे तिला स्पर्श कळत नाही, नुसता दाब कळतो, पण हात ठेवलेला डोळ्यांनी दिसतोय म्हणजे झालं. मी म्हटलं, तूच आहेस, शिंपीणबाई, माझ्या ओळखीची आहेस. ती रडली, थोडीशीच, आणि माझाही चष्मा कामाचा राहिला नाही. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खरोखर कळून घ्यायचं म्हणून, विचारलं की त्या हातवाल्या कुठे गेल्या. मी सांगितलं. निघून गेल्या, कशा जातात, तिथे जाऊन काय सांगतात, सगळं. गाठी काढल्या तर मग त्यांनी कुठे जायचं, हे तिने मी त्याबद्दल बोलायच्या आधीच विचारलं आणि मी म्हटलं, दुसऱ्या वाटा असतात, सापडतात त्यांना.

"पण परत येतील?"

"त्याच नाही येणार सगळ्या. नव्या येतील. हाडांच्या आतून निघतात आणि रक्तातून कातडीत येऊन बसतात. वेळ लागतो."

"नव्या म्हणजे, त्यांना माझी खाज ठाऊक नसणार."

"ती आठवण त्यांच्याकडे नसतेच," मी म्हणालो. "ती फौजेकडे असते आणि फौज अंगभर फिरते. पोटावर बघ की, काही विसरलीय का?"

तिने खाली पाहिलं, पोटावरचा एक गोल कराकरा खाजवला आणि खाजवू नको म्हणायच्या आत थांबली. मी मलम आणून लावलं. दुसरा सदरा घालून ती हा माझ्यासमोर ठेवून गेली, आणि मी बाटली उघडून खालून सुरुवात केली. पोटावरची बटणं झाली. वर सरकलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वरच्या चारांना लावू नका."

मी म्हटलं, अगं, आणि हातवाल्या परत आल्या म्हणजे?

"आल्या तर खाजेल. खाजलं की सांगेन." ती आत जायला वळली. "तुम्हालाच सांगेन."

मी ब्रश बाटलीत ठेवून झाकण लावलं. वर्तमानपत्रावर ती चार बटणं तशीच कोरी, चकचकीत राहिली. सगळं आयुष्य मी तिला खाज सुटू नये म्हणून खपलो, आणि आता ती सुटावी, लवकर सुटावी, चांगली कडकडून सुटावी, असं मला मनापासून वाटत होतं.